एका गुणधर्माला दोन मूल्ये: गावाचा नकाशा भरताना अर्धविराम कुठे द्यावा आणि कुठे टाळावा

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, कोणालाही खाते उघडून भरता येईल असा जगाचा नकाशा आहे. त्यातील प्रत्येक वस्तू बिंदू, रेषा (क्षेत्र म्हणजे बहुधा टोके जुळवलेली रेषाच) किंवा रिलेशन, म्हणजे अनेक वस्तूंना एकत्र बांधणारी नोंद, या रूपात साठवली जाते आणि तिची माहिती टॅगमध्ये लिहिली जाते. टॅग म्हणजे एक गुणधर्म आणि त्याचे एक मूल्य. नियम साधा आहे, एका वस्तूवर एक गुणधर्म एकदाच येतो. आपली गावे मात्र या नियमाला विचारून वसलेली नाहीत. शाळेच्या मैदानावर सकाळी कबड्डी आणि संध्याकाळी क्रिकेट चालते, ग्रामपंचायतीच्या इमारतीत वाचनालयही असते, पांदण रस्ता नाल्यापर्यंत खडीचा आणि पुढे काळ्या मातीचा असतो, आणि पोडाचे, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीचे, कागदावरचे नाव एक तर लोकांच्या तोंडचे दुसरे असते.

माझे माहेर नागभीड तालुक्यात, धानाच्या पट्ट्यात आहे आणि सासर राळेगाव तालुक्यात, कपाशीच्या. दोन्हीकडचे नकाशे भरताना मी या एकाच प्रश्नावर इतक्या वेळा अडले की नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हा लेख लिहिणे मला आवश्यक वाटले. एक सूचना आधीच देते. गुणधर्म आणि त्यांची ठरलेली मूल्ये नकाशात रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहिली जातात. येथे वाचनाच्या सोयीसाठी ती देवनागरीत दिली आहेत.

१. आधी जवळ काय असावे

ओपनस्ट्रीटमॅपचे खाते, फोनवर स्ट्रीटकम्प्लीट, एव्हरी डोअर किंवा वेस्पुची यांपैकी एक ॲप, आणि घरी बसून काम करायचे असल्यास आयडी किंवा जेओएसएम हा संपादक एवढी साधने पुरतात. आयडी ब्राउझरमध्ये चालतो आणि नवशिक्यांना तोच सोपा पडतो. टॅगइन्फो हे संकेतस्थळ कोणते मूल्य जगभरात किती वेळा वापरले गेले आहे ते दाखवते, तर ओपनस्ट्रीटमॅप विकी त्या मूल्याचा अर्थ सांगते. ही दोन्ही पाने उघडी ठेवल्याशिवाय नवे मूल्य टंकू नये. साधी वहीही हवी, कारण शेतात नेट जाते आणि घरी पोहोचेपर्यंत कोणत्या वळणापासून मुरूम संपला ते आठवत नाही.

कागदपत्रांबाबत मात्र सावध राहावे. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून नावे उतरवणे परवान्यात बसत नाही. सातबाऱ्यावरील शेतकऱ्यांची नावे तर कोणत्याही कारणाने नकाशात येता कामा नयेत. गावातील पाटी, स्वतः पाहिलेली जागा आणि लोकांना विचारून मिळालेली माहिती हाच आपला खरा दस्तऐवज आहे.

२. मूल्ये दोन का झाली, हे आधी ठरवा

माझ्या अनुभवात नवशिक्यांच्या बहुतेक चुका या एका पायरीवर होतात. दोन मूल्ये समोर आली की हात थेट अर्धविरामाकडे जातो, कारण दोन मूल्यांमध्ये अर्धविराम देण्याची पद्धत ओपनस्ट्रीटमॅपमध्ये खरोखरच आहे. परंतु मूल्ये दोन होण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि अर्धविराम त्यांपैकी एकाच कारणाला लागू पडतो. म्हणून संपादक उघडण्यापूर्वी स्वतःला विचारावे: या दोन वेगळ्या वस्तू आहेत का? एकाच वस्तूचे दोन भाग आहेत का? एक मूल्य आजचे आणि दुसरे जुने, किंवा एक पावसाळ्यातले आणि दुसरे उन्हाळ्यातले आहे का? दोन भाषांतील एकच नाव आहे का? की मला स्वतःलाच नक्की माहीत नाही म्हणून मी दोन्ही लिहीत आहे?

शेवटचा प्रश्न लाजिरवाणा वाटला तरी तो टाळू नये. माहेरच्या मामा तलावाला, म्हणजे माजी मालगुजारी तलावाला, मी सुरुवातीला ‘वॉटर = रिझर्वायर;पाँड’ असे लिहिले होते. तलाव दोन प्रकारचा नव्हता; माझी खात्री एका प्रकाराबद्दलही नव्हती. बांध घालून सिंचनासाठी अडवलेले पाणी म्हणून रिझर्वायर हे एकच मूल्य पुरेसे होते, आणि शेतातल्या छोट्या बोडीसाठी पाँड. शंका असल्यास एक मूल्य निवडून ‘फिक्समी’ या गुणधर्मात शंका वाक्यरूपाने लिहावी, म्हणजे पुढे येणाऱ्याला ती शंका म्हणूनच दिसते. मामा तलावात मासेमारी चालते, शिंगाडा लावला जातो, जनावरे पाणी पितात. हे सारे उपयोग तलावाचे असले तरी तलावाचा प्रकार त्यांनी बदलत नाही.

अशीच गल्लत झुडपी जंगलाची होते. पूर्व विदर्भात ही महसुली नोंदीतील वर्गवारी आहे आणि प्रत्यक्षात त्या जमिनीवर कुठे खुरटी झुडपे, कुठे गवत तर कुठे मोकळा मुरूम दिसतो. वऱ्हाडातील ई-क्लास जमिनीचेही तसेच. ‘लँडयूज = फॉरेस्ट;मेडो’ असे लिहिल्याने नोंदही कळत नाही आणि जमीनही कळत नाही. डोळ्यांना झुडपे दिसत असतील तर ‘नॅचरल = स्क्रब’ लिहावे आणि गवताचा तुकडा वेगळा आखावा.

३. वस्तू दोन असतील तर नोंदीही दोन करा

अमेनिटी, शॉप, हायवे, लँडयूज, बिल्डिंग असे काही गुणधर्म वस्तू मुळात काय आहे हे सांगतात. यांच्यात अर्धविराम जवळजवळ नेहमीच चुकीचा ठरतो, कारण नकाशा रंगवणारी आणि वाट दाखवणारी सॉफ्टवेअर ‘अमेनिटी = लायब्ररी;पोस्ट_ऑफिस’ हे एक अनोळखी मूल्य समजतात आणि बहुधा दोन्हींपैकी काहीही दाखवत नाहीत. वाचनालय आणि टपाल कार्यालय एका छताखाली असल्यास इमारतीची बाह्यरेषा ‘बिल्डिंग’ म्हणून एकदा आखावी आणि तिच्या आत दोन बिंदू ठेवावेत. प्रत्येक बिंदूला आपले नाव आणि आपली वेळ मिळते. अंगणवाडी शाळेच्या आवारात असेल तरी हाच मार्ग.

दुकानांच्या बाबतीत थोडे तारतम्य लागते. आपल्याकडे किराण्याच्या दुकानात रिचार्ज होते, झेरॉक्स निघते आणि दिवाळीत फटाकेही मिळतात. प्रत्येकासाठी बिंदू टाकला तर एका खोलीवर पाच दुकाने उभी राहतील. पाटीवर काय लिहिले आहे आणि गावकरी त्या दुकानाला काय म्हणतात, ते मुख्य मूल्य धरावे. कृषी सेवा केंद्रासाठी ‘शॉप = अ‍ॅग्रेरियन’ हे एकच मूल्य ठेवून तिथे काय मिळते ते ‘अ‍ॅग्रेरियन = सीड;फर्टिलायझर;पेस्टिसाइड’ असे लिहिता येते. वस्तू एकच आणि तपशील अनेक. अर्धविरामाची खरी जागा ही आहे.

४. भाग दोन असतील तर रेषा तोडा

सासरच्या शिवारातील पांदण रस्ता पहिल्या नाल्यापर्यंत खडीकरण केलेला आहे आणि पुढे नुसती काळी माती आहे, जिच्यात पावसाळ्यात बैलबंडीचे चाकही आसापर्यंत रुतते. ‘सरफेस = ग्रॅव्हल;ग्राउंड’ लिहिले तर वाचणाऱ्याला एवढेच कळते की कुठेतरी खडी आहे आणि कुठेतरी माती. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर घेऊन निघालेल्याला नेमके तेच ‘कुठे’ हवे असते. म्हणून नाल्यावर रेषा तोडावी आणि दोन्ही तुकड्यांना आपापले मूल्य द्यावे. आयडी आणि जेओएसएम या दोन्हींमध्ये बिंदू निवडून रेषा तोडण्याची सोय आहे, आणि तोडल्यावर बाकीचे टॅग दोन्ही तुकड्यांवर आपोआप राहतात.

शेतांनाही हेच लागू आहे. वरूड, मोर्शी किंवा काटोलकडे एकाच मालकाच्या जमिनीत अर्ध्या भागात संत्र्याची बाग आणि अर्ध्यात कपाशी असेल, तर बाग ‘लँडयूज = ऑर्चर्ड’ म्हणून आणि शेत ‘लँडयूज = फार्मलँड’ म्हणून वेगळे आखावे. मालक एक आहे म्हणून क्षेत्र एक ठेवण्याचे कारण नाही.

५. मूल्य काळाप्रमाणे बदलत असेल तर

जुन्या आणि नव्या मूल्याची जोडी अर्धविरामाने कधीही बांधू नये. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. अमरावती आणि नागपूरवरून जाणारा जुना ६ क्रमांकाचा महामार्ग ५३ झाला आणि नागपूर, हिंगणघाट, पांढरकवडा असा जाणारा ७ क्रमांकाचा महामार्ग ४४ झाला. ढाब्यावर आजही ‘सहा नंबर’ आणि ‘सात नंबर’ हेच शब्द ऐकू येतात, पण ‘रेफ’ या गुणधर्मात फक्त आजचा क्रमांक येतो. जुना क्रमांक ‘ओल्ड_रेफ’मध्ये जातो. चांद्याचे चंद्रपूर झाले, तिथे ‘ओल्ड_नेम’ हा गुणधर्म हेच काम करतो.

पिकांबाबत माझे मत अनेकांना पटत नाही. यंदा कपाशी, पुढल्या वर्षी सोयाबीन असे ज्या शेतात होते त्यावर ‘क्रॉप’ लिहूच नये, कारण ते अद्ययावत ठेवायला कोणीही परत येत नाही. धानाच्या बांध्यांवर मात्र वर्षानुवर्षे धानच असतो, तिथे लिहावे.

पावसाळ्यात वाहणारा आणि होळीपर्यंत कोरडा पडणारा नाला ‘इंटरमिटंट = येस’ या एका टॅगने नीट सांगता येतो. तलावाच्या बुडीत भागात उन्हाळ्यात गाळपेर होत असली तरी त्या क्षेत्रावर पाणी आणि शेत अशी दोन मूल्ये कोंबण्याऐवजी, जो भाग आटतो तो वेगळा आखून त्यावर हंगामी असल्याची खूण करावी.

६. नावे

नावाच्या गुणधर्मात अर्धविराम दिला की तो नकाशावर जसाच्या तसा छापला जातो आणि गावाच्या डोक्यावर दोन नावे एका ओळीत दिसू लागतात. ‘नेम’मध्ये एकच नाव असावे. इतर नावांसाठी ओपनस्ट्रीटमॅपने पुरेसे कप्पे करून ठेवले आहेत, ते असे:

- भाषेप्रमाणे: ‘नेम:एमआर’ मराठीसाठी, ‘नेम:एचआय’ हिंदीसाठी. सिरोंच्याकडे तेलुगू बोलली जाते, तिथे ‘नेम:टीई’. गडचिरोलीतील गोंडी नावांसाठी ‘नेम:जीओएन’. मेळघाटातील कोरकू नावांसाठी ‘नेम:केएफक्यू’.
- तितकेच रूढ असलेले दुसरे नाव ‘ऑल्ट_नेम’मध्ये, केवळ स्थानिक बोलण्यातील नाव ‘लोक_नेम’मध्ये, कागदोपत्री लांबलचक नाव ‘ऑफिशियल_नेम’मध्ये आणि आता वापरात नसलेले ‘ओल्ड_नेम’मध्ये.

भारतातील अनेक गावांच्या मुख्य ‘नेम’मध्ये इंग्रजी नाव आढळते. ते पुसून मराठी लिहिण्याचा मोह होतो, मलाही झाला होता. आजूबाजूच्या गावांत कोणती पद्धत चालते ते पाहिल्याशिवाय आणि इतर नकाशाकारांशी बोलल्याशिवाय मुख्य नाव बदलू नये. ‘नेम:एमआर’ भरायला मात्र कोणाची हरकत नसते आणि आपल्याकडे तेच सर्वांत जास्त रिकामे आहे.

कोलामांच्या पोडाचे नाव विचारताना घाई करू नये. मूळ महसुली गावाचे नाव, शाळेच्या पाटीवरचे नाव आणि पोडातील माणसे सांगतात ते नाव ही तिन्ही वेगळी असू शकतात. पोडातील ज्येष्ठ माणसाला “बाबा, तुम्ही स्वतः या जागेला काय म्हणता?” असे विचारून जे मिळेल ते मुख्य नाव धरावे आणि पाटीवरचे ‘ऑल्ट_नेम’मध्ये लिहावे, असे मी करते. महसुली गाव ही निराळी वस्तू असल्याने तिचे नाव पोडावर टाकू नये. ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ हे तर दोन स्वतंत्र गावांच्या नावांचे भाग आहेत. त्यांना एकाच बिंदूवर पर्यायी नावे म्हणून लिहिलेले मी पाहिले आहे आणि ते निस्तरायला मला एक पूर्ण दुपार लागली.

‘नेम_१’, ‘नेम_२’ असे क्रमांक लावलेले गुणधर्म जुन्या नोंदींत सापडतात. त्यांचे अनुकरण करू नये, कारण दुसऱ्या क्रमांकाचे नाव दुसरे का आहे हे त्यातून कोणालाही कळत नाही.

७. आता अर्धविराम द्या

वरच्या सर्व शक्यता बाजूला पडल्यावर जे उरते, म्हणजे एकाच वस्तूला एकाच वेळी आणि सारख्याच खरेपणाने लागू होणारी मूल्ये, त्यांच्यासाठी अर्धविराम आहे. शाळेच्या मैदानावर ‘स्पोर्ट = कबड्डी;क्रिकेट’, खानावळीवर ‘क्विझीन = इंडियन;चायनीज’, आणि एकाच पट्ट्यावरून दोन महामार्ग जात असतील तर ‘रेफ’मध्ये दोन्ही क्रमांक. महामार्गाच्या बाबतीत प्रत्येक क्रमांकाचे स्वतंत्र रिलेशन असणे अधिक पक्के असते, पण ते काम पहिल्या महिन्यात हाती घेऊ नये.

लिहिताना अर्धविरामाच्या आधी किंवा नंतर मोकळी जागा सोडू नये, कारण काही सॉफ्टवेअर ती जागा मूल्याचाच भाग समजतात आणि ‘क्रिकेट’ आणि आधी मोकळी जागा असलेले ‘ क्रिकेट’ ही दोन वेगळी मूल्ये होऊन बसतात. मूल्याची कमाल लांबी २५५ अक्षरचिन्हे आहे. देवनागरीत काना आणि वेलांटीही स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजली जाते. ‘किराणा’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, पण मोजणीत सहा भरतो. वर्णनाच्या रकान्यात मराठी मजकूर लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

जिथे पर्याय ठरलेले आहेत तिथे अर्धविरामाऐवजी उपगुणधर्म वापरण्याची पद्धत आहे. पेट्रोल पंपावर ‘फ्युएल:डिझेल = येस’, दुकानात ‘पेमेंट:कॅश = येस’ असे लिहिले की ‘नो’ सुद्धा नोंदवता येते. रोख चालते पण कार्ड चालत नाही, हे अर्धविरामाच्या यादीत सांगताच येत नाही.

८. जिथे अर्धविरामाचा अर्थच निराळा आहे

‘ओपनिंग_अवर्स’ या गुणधर्मात अर्धविराम दोन नियमांना वेगळे करतो आणि नंतरचा नियम त्या दिवसापुरता आधीच्या नियमाची जागा घेतो. ‘सोम-शनि १०:००-१७:००; बुध बंद’ याचा अर्थ बुधवार वगळून उघडे, असा बरोबर लागतो. पण आरोग्य केंद्राची बाह्यरुग्ण तपासणी सकाळी आणि दुपारी अशा दोन पाळ्यांत असेल आणि आपण ‘सोम ०८:००-१२:००; सोम १६:००-१८:००’ असे लिहिले, तर सकाळची पाळी पुसली जाते आणि केंद्र फक्त दुपारीच उघडते असे दिसते. तिथे स्वल्पविराम हवा: ‘सोम ०८:००-१२:००,१६:००-१८:००’. आठवड्यातून दोनदा भरणाऱ्या बाजारासाठीही ‘मंगळ,शुक्र’ असा स्वल्पविरामच येतो. प्रत्यक्षात वारांची इंग्रजी दोनअक्षरी रूपे आणि इंग्रजी अंक लिहायचे असतात, आणि यासाठी पडताळणी करून देणारी स्वतंत्र साधने उपलब्ध आहेत.

शहरातील चौकांत मार्गिकांच्या टॅगमध्ये उभी रेघ दोन मार्गिका वेगळ्या करते आणि अर्धविराम एकाच मार्गिकेतील दोन दिशा सांगतो. गावाकडे त्याची गरज सहसा पडत नाही.

९. रेषा जोडताना होणारा घात

आता माझी चूक. सासरच्याच पांदण रस्त्याचे दोन तुकडे मी एकदा जेओएसएममध्ये जोडले. एकावर ‘हायवे = अनक्लासिफाइड’ होते आणि दुसऱ्यावर ‘हायवे = ट्रॅक’. जोडताना एक चौकट उघडली, कोणते मूल्य ठेवायचे असे तिने विचारले आणि मी ‘सर्व’ हा पर्याय निवडला, कारण काही गमावू नये असे वाटले. मूल्य ‘अनक्लासिफाइड;ट्रॅक’ झाले. वर चढवताना आलेला इशाराही मी वाचला नाही. काही वेळाने मुख्य नकाशावरून तो रस्ताच नाहीसा झाला आणि फोनवरचे वाटाड्या ॲप वाडीकडे जायला रस्ता नाही असे सांगू लागले. मला ते उमगले नाही; दूरच्या एका नकाशाकाराने माझ्या बदलसंचावर, म्हणजे एकत्र वर चढवलेल्या बदलांच्या नोंदीवर, टिप्पणी केली तेव्हा कारण कळले.

म्हणून रेषा जोडताना अशी चौकट उघडली तर तो थांबण्याचा इशारा समजावा. दोन्ही तुकड्यांची मूल्ये वेगळी असतील तर बहुधा ते जोडायचेच नव्हते.

१०. भरल्यानंतर तपासणी, आणि दुसऱ्यांचे अर्धविराम

आपल्या तालुक्यातील अर्धविराम असलेल्या नोंदी ओव्हरपास टर्बो या साधनाने शोधता येतात. इथे एक फसगत होते. ‘स्पोर्ट = क्रिकेट’ असा नेमका शोध घेतल्यास ‘कबड्डी;क्रिकेट’ असलेले मैदान निकालात येत नाही. बरोबरीच्या चिन्हाऐवजी नागमोडी चिन्ह वापरून [“स्पोर्ट”~“(^|;)क्रिकेट(;|$)”] असा शोध लिहिला, तर यादीत कुठेही क्रिकेट असलेले मैदान सापडते.

शोधात हायवे किंवा अमेनिटीमध्ये अर्धविराम असलेल्या जुन्या नोंदी हमखास निघतील. त्या एका दमात सर्वत्र बदलून टाकू नयेत. एकगठ्ठा बदलांसाठी ओपनस्ट्रीटमॅपचे वेगळे नियम आहेत आणि आधी चर्चा करावी लागते. शिवाय ज्या गावात आपण गेलो नाही तिथल्या दोन मूल्यांपैकी कोणते खरे हे घरी बसून ठरवता येत नाही. ज्या वस्तू आपण पाहिल्या आहेत त्या एकेक करून दुरुस्त कराव्यात आणि बदलसंचाच्या टिप्पणीत मूल्य का बदलले ते एका वाक्यात लिहावे. बाकीच्यांवर नकाशातली टीप टाकून ठेवावी. त्या बाजूला बाजारहाटासाठी जाणे झाले की वही काढून पाहून घेता येते.